झाकलेल्या बाटल्या आणि तेरचे खापर

१/ गेल्या महिन्यात धाराशिवला मित्राच्या गच्चीवर आम्ही चौघे जमलो होतो. समोर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पाच बाटल्या होत्या. चार बाटल्यांत पिनो न्वार, एकीत नाशिकची शिराझ. नाव न पाहता चवीवरून ओळखायचे, एवढाच खेळ. या खेळामुळे माझ्या प्रबंधातील एक परिच्छेद मला खोडावा लागला. त्याची ही हकिगत.

२/ पिनो न्वार हे काळ्या द्राक्षाचे जुने वाण. घोस पाइनच्या शंकूसारखा गच्च, म्हणून हे नाव पडले असे मानतात. साल पातळ, त्यामुळे वाइनचा रंग फिका. थंड हवा त्याला मानवते. फ्रान्समधील बर्गंडी प्रांत त्यासाठी प्रसिद्ध. तेथील ड्यूक फिलिपने १३९५ मध्ये भरघोस पीक देणाऱ्या गामे वाणावर बंदी घातली आणि पिनोला राजाश्रय दिला.

३/ आमच्याकडे काचेचे चषक नव्हते, स्टीलचे पेले होते. त्यात रंग कळेना. तिसरी बाटली ओतताना मला ती जड लागली. मी घोट घेतला आणि ठामपणे म्हणालो, “ही बर्गंडीची. ओल्या मातीचा वास येतोय.” द्राक्षबाग असलेला मित्र एवढेच बोलला, “नाही रे, जीभ आवळतेय. हा जाड सालीचा रस आहे.”

४/ कागद फाडला. आत नाशिकची शिराझ होती. मी चव घेतलीच नव्हती. बाटलीच्या वजनाची चव घेतली होती. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी लेबले झाकून वाइन चाखल्या आणि लाल व पांढऱ्या दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाची वाइन पहिली आली. त्यांच्या पंगतीत बसल्याचे समाधान फार टिकले नाही.

५/ कारण प्रबंध आठवला. आमच्या जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथानुसार ते पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर होते. तेथून कापड आणि तलम मलमल गाड्यांतून भडोचला जाई. त्याच भडोच बंदरात मद्य उतरे: पसंती इटलीच्या मद्याला, शिवाय लाओडिकिया व अरबस्तानचेही.

६/ तेर परिसरातील एका खापरापुढे मी बेधडक लिहिले होते: ‘रोमन मद्यकुंभ’. माती तपासली नव्हती. आतल्या काळ्या थराचा विचार केला नव्हता. रॉबर्टा टोम्बर यांनी २००७ मध्ये दाखवून दिले आहे की भारतात रोमन म्हणून मोजलेली अनेक खापरे वस्तुतः मेसोपोटेमियाकडील ‘टॉर्पेडो’ कुंभांची आहेत. त्या कुंभांना आतून डांबराचा लेप असे, आणि त्यांचा काळही बराच पुढे सरकतो.

७/ म्हणजे एका शब्दाने मी देश चुकवला असेन आणि कदाचित काही शतकेही. का? कारण आपल्या गावाला रोमचे लेबल लागावे, ही माझी हौस होती. तेरला त्याची गरज आहे का? येथील हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी साम्य असलेली मूर्ती पॉम्पेईच्या राखेत सापडली. येथील विटांचे त्रिविक्रम मंदिर मूळच्या चैत्यगृहाचा आकार आजही जपून आहे. आपण केवळ घेणारे नव्हतो, देणारेही होतो.

८/ आणि तेर हे गोरोबाकाकांचे गाव. संतमेळ्यात मुक्ताईने त्यांना विचारले, यातले कच्चे मडके कोणते? काकांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर हाणले, अशी आख्यायिका आहे. कोणाची कीर्ती किती, हे त्यांनी पाहिले नाही. तक्रार केली ती नामदेवांनी, आणि तेच कच्चे ठरले.

९/ दुसऱ्या दिवशी ओळ बदलली: ‘आयात कुंभाचे खापर, उगम अनिश्चित.’ वाक्य निस्तेज झाले खरे. मार्गदर्शक काय म्हणतील, याची धास्तीही आहे. पण थापटणे डोक्यावर बसले आहे, आणि यावेळी तक्रार करायची नाही, असे ठरवले आहे.