खडा

अब्बांनी आयुष्याची बत्तीस वर्षे भाईंदरच्या मिठागरांत काढली. मीठ ओढणाऱ्यांपैकी ते नव्हते. गोणी मोजणे, वजन लिहिणे, मजुरांचा हिशेब ठेवणे हे त्यांचे काम. ऊन मात्र सगळ्यांना सारखेच. राहायला आम्ही गोडदेवला. गावाच्या नावात गोड आणि यांच्या सदऱ्याला, चपलेला, वहीच्या पानांनासुद्धा मीठ, अशी अम्मीची कायमची तक्रार.

"मीठ कुणी बनवत नाही बाय, पाणीच ते सोडून देतं," असे अब्बा म्हणत. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. भरतीचे पाणी वाफ्यांत घ्यायचे आणि उन्हाने आटवायचे. आधी चुना आणि जिप्सम तळाशी बसतात. पाणी दहाव्या हिश्शाच्या आसपास उरले की मीठ धरू लागते. मॅग्नेशियमचे क्षार मात्र पाणी सोडायला तयार नसतात, म्हणून ते उरलेले कडू पाणी वेळेवर काढून टाकायचे, नाहीतर मीठच कडवट होते. कोण पाण्याला किती धरून राहतो, यावर सगळा धंदा उभा. चौथी शिकलेल्या अब्बांना हे तोंडपाठ होते. मी विज्ञानाची शिक्षिका झाले आणि 100 ग्रॅम पाण्यात 36 ग्रॅम मीठ विरघळते, साखर 200 ग्रॅम, हे आकडे फळ्यावर लिहू लागले.

2019 चा रमजान मे महिन्यात आला होता. एका रात्री तरावीहून परतलेले अब्बा दारातच कंबर धरून बसले. सोनोग्राफीत डाव्या मूत्रपिंडात आठ मिलिमीटरचा खडा दिसला. ईदला एका नातेवाइकाने कसलीशी पुडी आणून दिली, "पंधरा दिवसांत विरघळतो" म्हणून. अब्बांना ते लगेच पटले. "एवढाले मिठाचे ढीग पावसात एका रात्रीत गेलेले पाहिलेत मी. हा तर हरभऱ्याएवढा." मी जरा वाद घातला आणि सोडून दिला. आठवीच्या वर्गाला दरवर्षी जे शिकवते, ते घरात नीट समजावून सांगायचा मला कंटाळा आला, हेच खरे.

पुड्या चार महिने चालल्या. मग खडा मूत्रवाहिनीत उतरून अडकला, मूत्रपिंड सुजले, थंडी वाजून ताप भरला. दुर्बीण घालून तो काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर केला असता तर मूत्रपिंड गमावले असते. दवाखान्याच्या बाकावर रात्रभर दुआ मागताना मला माझा तो कंटाळा आठवत होता.

खडा एका छोट्या बाटलीत घरी आला. तपासणीत कॅल्शियम ऑक्झलेट निघाले. अब्बांनी विचारले, "हाही क्षारच ना? मग मीठ विरघळतं, हा का नाही?"

या वेळी मी नीट बसले. पाण्याचा कण वाकडा असतो. त्याच्या एका टोकाला किंचित ऋण भार, दुसऱ्याला धन. मिठातल्या सोडियमला आणि क्लोराइडला असे कितीतरी कण वेढा घालतात आणि ओढून वेगळे करतात. तेलाच्या कणावर असा भारच नाही. पाण्याचे कण आपापसांतच हात धरून राहतात आणि तेल वर तरंगते. खड्यात मात्र भार दुप्पट. कॅल्शियम आणि ऑक्झलेट एकमेकांना इतके घट्ट धरतात की पाण्याची ओढ कमी पडते. लिटरभर पाण्यात जेमतेम काही मिलिग्रॅम. नुसत्या दुप्पट भारावरही सगळे ठरत नाही म्हणा; जुलाबाला देतात ते मॅग्नेशियम सल्फेट तसेच दुप्पट भाराचे, पण सहज विरघळते. तिथे पाणी मॅग्नेशियमला फार जोराने ओढते.

"म्हणजे कडू पाण्यातला तो," अब्बा म्हणाले. "त्याला पाणी सोडवतच नाही."

मी गप्प झाले. माझ्या फळ्यावर हे असे कधी आले नव्हते.

युरिक आम्लाचे खडे लघवीतली आम्लता कमी करणाऱ्या औषधाने विरघळू शकतात, हेही सांगितले, नाहीतर ते पुडीवाल्याला अगदीच खोटे ठरवायला निघाले असते. आणि खडा बनला कसा, तर आगरात दिवसभर घाम, पाणी कमी, लघवी घट्ट. वर जेवणात मीठ जास्त, ज्याने लघवीतून कॅल्शियम अधिक जाते. "म्हणजे माझ्या पोटातच वाफा आटत होता," ते म्हणाले. पुढच्या रमजानला डॉक्टरांनी रोजे मना केले. दोन दिवस अब्बा कुणाशी बोलले नाहीत, मग फिदया दिला आणि घड्याळ लावून पाणी पिऊ लागले.

त्या संध्याकाळी त्यांनी एका पेल्यात पाणी घेऊन तो खडा आणि तेवढाच जाड मिठाचा खडा सोडला आणि पेला खिडकीत ठेवला. सकाळी मीठ नव्हते. दुसरा खडा तळाशी तसाच, काटेरी, तपकिरी. तो काढून मी पाणी तुळशीच्या शेजारच्या मोगऱ्याला घालायला निघाले, तर अब्बा आतून ओरडले, "झाडाला नको बाय, खारं आहे ते."