सदतीस की अडतीस

आमच्या शाळेत दिवसातून पाच-सहा वेळा मोजणी होते. पहाटे पी.टी.ला, परेडला, मेसमध्ये, प्रेपला आणि रात्री लाइट्स आउटच्या आधी. त्यामुळे मोजणी ही काही वेगळी शिकायची गोष्ट असेल, असं मला अकरावीपर्यंत वाटलं नव्हतं. गेल्या ऑगस्टमधल्या म्हैसूर सहलीत जे घडलं ते मराठी पानासाठी लिहायला सुभेदार साहेबांनीच सांगितलं. "चूक तुझी आहे, तूच लिही," म्हणाले.

सहलीचा तिसरा दिवस. सोमनाथपूर, टी. नरसीपूरचा संगम आणि जमलं तर तळकाडू, असा बेत होता. बसमध्ये आम्ही अडतीस कॅडेट, इतिहासाचे सर आणि सुभेदार साहेब. मी बसचा सीनिअर कॅडेट, म्हणून मोजणीची वही माझ्याकडे. दुसरीही एक जबाबदारी आपोआप आली होती, ती दुभाष्याची. मी दक्षिण सोलापूरचा. घरात मराठी, आजोळी कानडी. पण आमचं कानडी म्हैसूरकडे चालवायचं म्हणजे गंमतच. आम्ही 'बर्री' म्हणतो, ते 'बन्नि' म्हणतात. पहिल्या दिवशी हॉटेलवाला माझं बोलणं ऐकून हसला, पण इडल्या मात्र बरोबर मोजून आणल्या.

म्हैसूरहून निघतानाच पाऊस सुरू होता. आधी रिमझिम, बन्नूर मागे पडेपर्यंत मुसळधार. सगळ्यांनी एकाच रंगाचे, एकाच मापाचे खाकी रेनकोट घातलेले. टोपी ओढली की सातवीतला पोरगा आणि नववीतला पोरगा यांत मागून काही फरक कळेना. हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

बसच्या काचांवर वाफ धरली होती. तिच्यावर सरांनी बोटाने एक कानडी अक्षर काढलं, 'म'. म्हणाले, "सोमनाथपूरला मूर्तींच्या पायाशी बघा. आपल्याकडच्या जुन्या देवळांत कारागिराचं नाव सहसा सापडत नाही. होयसळांच्या काळातल्या शिल्पकारांनी मात्र मूर्तींखाली नावं कोरली. मल्लितम्म नावाचा एक मोठा शिल्पकार होता. कुठे पूर्ण नाव, कुठे नुसतं 'मल्लि', तर कुठे एवढं एकच अक्षर." पुढच्या बाकावरचा सातवीतला एक ज्युनिअर ते अक्षर आपल्या वहीत उतरवून घेत होता. त्याचं नाव लिहीत नाही. तो आता आठवीत आहे आणि हे पान वाचणार आहे.

सोमनाथपूरचं केशव मंदिर १२५८ सालचं. होयसळ राजा तिसरा नरसिंह याच्या सोमनाथ नावाच्या दंडनायकाने ते बांधलं. दंडनायक म्हणजे सेनापती. हे ऐकून सुभेदार साहेबांनी टोपी सारखी केली आणि देवळाकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागले. या सेनापतीने आधी स्वतःच्या नावाचं गाव वसवलं, ब्राह्मणांना जमिनी दिल्या, मग देऊळ बांधलं, आणि हे सगळं शिळेवर लिहून ठेवलं. ती शिळा प्रवेशद्वारातच आहे. २०२३ साली बेलूर आणि हळेबीडबरोबर या देवळालाही युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं.

पावसात हे देऊळ बघावं, असं मी कुणालाही सांगेन. चारी बाजूंनी खांबांची ओवरी आहे, तिच्यात चौसष्ट छोटी देवघरं. ओवरीतून न भिजता पूर्ण फेरी मारता येते. मधे ताऱ्याच्या आकाराच्या जोत्यावर तीन शिखरांचं देऊळ. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की हळूहळू कठीण होतो, म्हणून एवढं बारीक कोरता आलं. ओला झाला की तो काळाभोर होतो आणि कोरडेपणी न दिसणाऱ्या रेघाही उठून दिसतात. भिंतीच्या तळाशी हत्तींची ओळ, तिच्यावर घोडेस्वार, मग वेलबुट्टी, त्यावर रामायण-महाभारत-भागवतातले प्रसंग. हत्ती तर आमच्या परेडसारखे एकामागून एक चाललेत, पण जवळ जाऊन पाहिलं तर एकाची सोंड दुसऱ्यासारखी नाही. आत मंडपात लेथवर कातल्यासारखे गुळगुळीत खांब आणि वर छताचे सोळा चौक, प्रत्येकाची नक्षी निराळी. एकात केळफूल उलटं टांगलंय असं वाटतं. मूळ केशवाची मूर्ती मात्र हरवलेली आहे. पूजा होत नाही, त्यामुळे आत घंटा नाही की उदबत्तीचा वास नाही. नुसता पन्हळीतून पडणाऱ्या पाण्याचा आवाज.

अकरा वाजता शिट्टी झाली आणि सगळे पावसात बसकडे पळाले. एक जण उलट्या करून पुढच्या बाकावर झोपला होता, तिघांचे बूट सापडत नव्हते, ड्रायव्हर हॉर्न देत होता. पावसाच्या आवाजात नंबर ओरडून मोजणी घेणं शक्य नव्हतं, म्हणून मी मधल्या वाटेतून चालत डोकी मोजली. सदतीस. परत मोजली. सदतीस.

इथे आजीची एक गोष्ट आडवी आली. ती तुम्हालाही माहीत असेल. दहा जण नदी ओलांडतात, पलीकडे गेल्यावर एकेक जण मोजतो, प्रत्येकाच्या मोजणीत नऊच भरतात, आणि सगळे रडायला लागतात. कारण मोजणारा स्वतःला मोजायचं विसरतो. मला वाटलं, माझंही तेच झालं. स्वतःशीच हसलो आणि साहेबांना सांगितलं, "अडतीस, साहेब. सगळे हजर." वहीत लिहिलं. वेळ टाकली. सही केली.

खरं म्हणजे मी मोजणी नेहमी स्वतःपासून सुरू करतो. छातीला हात लावून 'एक'.

टी. नरसीपूर तिथून जेमतेम दहा किलोमीटर. 'टी.' म्हणजे तिरुमकूडलु. कानडीत कूडलु म्हणजे संगम. आमच्या तालुक्यात हत्तरसंग कुडल आहे, तिथे भीमा आणि सीना मिळतात. शके ९४० चा मराठी शिलालेख तिथलाच. म्हणून हे नाव ऐकताच मला घराजवळ आल्यासारखं झालं. इथे कोडगूमधून आलेली कावेरी आणि केरळातल्या वायनाडमधून आलेली कबिनी एकत्र येतात. तिसरी नदी गुप्त आहे असं मानतात. दर तीन वर्षांनी इथे कुंभमेळा भरतो. सात तारांचं व्हायोलिन वाजवणारे टी. चौडय्या याच गावचे, १८९५ चा जन्म. माइक नव्हते त्या काळात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचावा म्हणून त्यांनी तारा वाढवल्या, असं सर सांगत होते.

कबिनीच्या काठावर गुंजा नरसिंहस्वामीचं देऊळ आहे. देवाच्या बोटांत गुंज आहे. काशीपेक्षा हे क्षेत्र गुंजभर जास्त पवित्र, अशी तिथली श्रद्धा. गुंज म्हणजे किती? सोनाराच्या जुन्या हिशेबात आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा तोळा, म्हणजे एका तोळ्यात शहाण्णव गुंजा. एवढ्या छोट्या मापाने काशीला मागे टाकलं याचं मला तेव्हा हसू आलं होतं.

नदी मात्र हसण्यासारखी नव्हती. वायनाडात पाऊस झाला की कबिनी फुगते. त्या दिवशी दोन्ही नद्या चहाच्या रंगाच्या, घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली, आणि मधोमध एक अख्खं झाड मुळांसकट वाहत चाललेलं. साहेबांनी वरच्या पायऱ्यांवर सीमा ठरवून दिली, तिच्या खाली कुणी उतरलं नाही. निदान मला तसं वाटत होतं.

वीस मिनिटांनी फॉल इन. पाऊस थोडा उघडला होता, म्हणून नंबर ओरडून मोजणी घेतली. आवाज पस्तीस, छत्तीस, सदतीसवर आला आणि थांबला.

पुन्हा घेतली. सदतीस.

तो सातवीतला ज्युनिअर नव्हता. त्याचा बडी म्हणजे तोच उलट्यांनी झोपलेला मुलगा, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. साहेब नदीकडे बघत होते. नदीकडेच बघत त्यांनी विचारलं, "देवळातून निघताना किती होते?"

वही माझ्या हातात होती. वहीत अडतीस होतं, सहीसकट. तेच वाचून दाखवलं असतं तर अर्थ एकच होता, की पोरगा बसमध्ये होता, इथे उतरला आणि इथेच गेला. सगळे त्या पाण्याकडे धावले असते. मी किती वेळ गप्प होतो मला माहीत नाही. दोन-तीन सेकंद असतील.

"सदतीस भरले होते, साहेब. मला वाटलं मी स्वतःला मोजलं नाही."

"मोजलंस, की धरून चाललास?"

"धरून चाललो, साहेब."

ते रागावले नाहीत. रागवायला वेळच नव्हता. सरांना बस घेऊन उलट सोमनाथपूरला पाठवलं, पण घाट सोडला नाही. "आता दोन्ही ठिकाणी शोधायचं," एवढंच म्हणाले. माझ्या एका आकड्यामुळे दोन्ही ठिकाणी शोधायचं होतं, हे सगळ्यांना ऐकू गेलं. नववी-दहावीच्या मुलांना त्यांनी पायऱ्या वाटून दिल्या, ज्युनिअर्सना देवळाच्या मंडपात बसवलं आणि मला लोकांना विचारायला पाठवलं.

मी माझ्या सोलापुरी कानडीत विचारत सुटलो. खाकी रेनकोट, एवढा उंच हुडुग, एकटा खाली उतरताना कुणी पाहिला का? या वेळी माझ्या बोलण्याला कुणी हसलं नाही. फुलं विकणारी एक अज्जी म्हणाली, सकाळपासून मी इथेच बसलेय, एकटं पोर पाण्याकडे गेलेलं नाही. मी तिला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तिने माझा हात धरून मला तिच्या छत्रीखाली ओढलं. मग शेजारच्या नारळवाल्याला काहीतरी सांगितलं. त्याच्या ओळखीतला कुणी सोमनाथपूरच्या देवळाबाहेर शहाळी विकतो. फोन लागला. तो माणूस फोन चालू ठेवूनच देवळात गेला. मला स्पीकरवर पाऊस ऐकू येत होता, मग ओवरीत घुमणारी पावलं, मग कुणाशी तरी बोलणं.

"इद्दाने," तिकडून आवाज आला. आहे.

साहेबांना सांगायला मी धावलो. त्यांनी मान हलवली, टोपी काढली, पाणी झटकलं आणि परत घातली. मग नारळवाल्याकडे जाऊन त्याचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांना कानडीचं एक अक्षर येत नाही.

तळकाडू राहिलं. वाळूत बुडालेली देवळं पुन्हा कधीतरी बघू. बस परत आली तेव्हा तीन वाजले होते. ज्युनिअर पहारेकऱ्याच्या सतरंजीत गुंडाळलेला, हातात बिस्किटाचा पुडा. मी वहीतला अडतीसचा आकडा खोडला, सदतीस लिहिलं आणि बाजूला पुन्हा सही केली. मग वाटेतून चालत एकेकाच्या खांद्याला हात लावून मोजलं. पोरं वैतागली. मी दोनदा मोजलं.

शेवटचा खांदा त्याचा होता. त्याला वाटलं मी ओरडणार. त्याने घाईघाईने आपली वही उघडून माझ्यापुढे धरली. पानावर ते कानडी 'म' आणि खाली पेन्सिलीच्या अकरा रेघा. शिट्टी त्याला ऐकूच आली नव्हती. जोत्यावरून फिरत प्रत्येक मूर्तीच्या पायाशी वाकून तो ते अक्षर शोधत होता, सापडलं की बोट लावून बघत होता आणि मगच रेघ मारत होता.

"मागची बाजू राहिली, सर," तो म्हणाला.