किंमत पात्याची की चिठ्ठीची?

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण तलवारीचा विषय दोन ओळींत उरकत नाही.

रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने लंडनच्या लिलावातून सोडवली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईत आली. तेव्हा आपल्याकडे एक शंका बरीच ऐकू आली. पातं युरोपातलं, मग तलवार मराठ्यांची कशी? अहो, अशा तलवारीला 'फिरंग' हे नाव आपणच दिलंय! पण शंका डोक्यात राहिली. जुन्या तलवारींची पारख कशी करतात हे वाचत गेलो आणि पोचलो थेट आफ्रिकेत. कारण हा प्रश्न तिथे पावलोपावली भेटतो.

सुदानची कस्कारा घ्या. सरळ, दुधारी, तीन फुटांच्या आसपास, मुठीखाली आडवी लोखंडी पट्टी. म्यान चामड्याचं, टोकाकडे पानासारखं पसरलेलं. पात्यावर अर्धचंद्राचा ठसा दिसला की नवखा माणूस म्हणतो, ही अरबी खूण. पण असे ठसे युरोपातले कारागीरही मारायचे. जर्मनीतल्या झोलिंगेन गावची पाती व्यापाऱ्यांच्या हातून आफ्रिकेत जायची, मूठ आणि म्यान तिकडे बसायचं. त्या ठशांना मान होता, म्हणून पुढे सुदानी लोहारही तसेच ठसे मारू लागले. म्हणजे ठसा एकटा काहीच सांगत नाही.

मग पारखी बाकीचं बघतो. पात्यावरची पन्हळ यंत्राने सरळ काढलेली आहे की हाताने घडवलेली? पातं वाकवलं तर परत सरळ होतं का? चामडं जुनं की परवाचं? मुठीची आणि पात्याची झीज एका वयाची दिसते का? बऱ्याचदा दिसत नाही. पातं आजोबांचं, मूठ नातवाने बदललेली. म्हणून तलवार खोटी ठरत नाही. आजीच्या विळीचं पातं बदललं तरी ती आजीचीच विळी राहते ना?

लोखंडाची पारख अशी डोळ्यांनी आणि बोटांनी होते. दुसरा प्रश्न मात्र कागदाचा आहे. ही तलवार मालकाच्या हातातून सुटली कशी?

२ सप्टेंबर १८९८. सुदानातलं ओमदुर्मान. किचनरच्या फौजेकडे तोफा आणि मॅक्झिम गन. एका सकाळीत सुमारे दहा हजार सुदानी मेले, समोरच्या फौजेचे जेमतेम पन्नास. मैदानात पडलेल्या तलवारी 'आठवण' म्हणून इंग्रजांच्या घरी गेल्या. आज साधी, बिनकागदाची कस्कारा फार महाग जात नाही. पण 'अमुक अधिकाऱ्याने ओमदुर्मानहून आणली' अशी जुनी चिठ्ठी सोबत असली की भाव चढतो.

जरा थांबून विचार करा. चोरीच्या मोटारसायकलला एफआयआरची प्रत जोडली म्हणून तिची किंमत वाढली, असं कधी ऐकलंय? या बाजारात तेच होतं. जी चिठ्ठी भाव वाढवते, तीच लुटीचा पुरावा असते.

हा पुरावा कधी कधी कामीही येतो. पश्चिम आफ्रिकेत उमर ताल नावाचे मोठे धर्मनेते आणि राज्यकर्ते होऊन गेले. १८६४ मध्ये वारले. १८९३ मध्ये आर्शिनार या फ्रेंच सेनानीने बांदियागरा जिंकलं आणि त्यांच्या मुलाकडची एक तलवार फ्रान्सला गेली. तिचं पातं क्लिंगेंटालचं, म्हणजे फ्रान्समधल्याच अल्सासचं. ती खरंच उमर ताल यांची की मुलाची, यावरही वाद. तरी नोव्हेंबर २०१९ मध्ये फ्रान्सच्या पंतप्रधानांनी डाकारला जाऊन ती सेनेगलच्या राष्ट्राध्यक्षांच्या हातात दिली. आधी उसनी. डिसेंबर २०२० मध्ये कायदा झाला, तेव्हा कायमची. पातं आमचं, म्हणून तलवार आमची, असा दावा फ्रान्सने केला नाही.

घानाच्या कुमासीला एवढं मिळालेलं नाही. २०२४ मध्ये ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने असांते राजघराण्याच्या ३२ वस्तू तिथे पाठवल्या, त्यात राजतलवारही होती. पण तीन वर्षांच्या बोलीवर. त्याच वर्षी, त्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधून वाघनखं साताऱ्यात आली, तीही तीन वर्षांसाठीच. ती शिवरायांचीच, हे सिद्ध करता येत नाही असं त्या म्युझियमचंच म्हणणं.

आता आपल्यालाही झोंबणारी गोष्ट. १८६८ मध्ये इथिओपियाचा मगदाला किल्ला इंग्रजांनी घेतला. सम्राट तेवोद्रोसने स्वतःला गोळी घातली. मुकुट, हस्तलिखितं लुटली गेली, काही दिवसांत लुटीचा लिलाव झाला आणि पैसा सैनिकांत वाटला. ही फौज कुठून निघाली होती? आपल्या मुंबईहून. सेनापती नेपियर मुंबईच्या लष्कराचा प्रमुख, शिपाई बहुसंख्य हिंदी, आणि ओझी वाहायला हत्तीसुद्धा इथूनच नेलेले. त्यामुळे 'आम्हाला लुटलं' म्हणताना हे पानही उघडं ठेवावं.

हे सगळं आज इथे का लिहितोय? आपल्या तालुक्यात जुन्या घरांत दसऱ्याला पुजली जाणारी एखादी तलवार असते. वाटण्या होतात, वाडा पडतो, भंगारवाला येतो. तलवार जाते आणि तिच्याबरोबर सांगणारा म्हाताराही जातो. म्हणून एक करा. वहीचं एक पान घ्या. तलवार कोणाची, कुठून आली, हे कोणी सांगितलं, तारीख टाकून सही करा. आणि कोणाला जुनी तलवार विकत घ्यायची हौस असेल, तर विकणाऱ्याकडे कागद मागा. मिळाला तर भाव ठरवण्याआधी तो पूर्ण वाचा.

कोणाच्या घरात असं काही लिहून ठेवलेलं असेल तर कमेंटमध्ये सांगा. तलवारीचा फोटो नको, गोष्ट सांगा.