पर्वतीच्या पायथ्याचे घर

पुण्यातील मित्रमंडळ कॉलनीतले आमचे घर विकण्याचा विचार गेल्या वर्षी जवळजवळ पक्का झाला होता. चिरंजीवांनी बाणेरला पाहिलेली सदनिका आकाराने दीडपट, इमारत नवी, लिफ्ट दोन. बँकेत असताना तारणासाठी आलेल्या असंख्य घरांचे मूल्यांकन अहवाल मी तपासले. क्षेत्रफळ, बांधकामाचे वय, मालकी हक्क एवढे रकाने भरले की घराचे मोल ठरते, ही माझी धारणा. त्या हिशेबाने व्यवहार फायद्याचाच होता.

अडले ते सौभाग्यवतींच्या गुडघ्यापाशी. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी रोज चालण्यास सांगितले. प्रथम गल्लीच्या टोकापर्यंत, महिन्याभराने सारसबागेपर्यंत. येथे पूर्वी मोठे तळे होते आणि सवाई माधवरावांच्या काळातील गणपतीचे देऊळ त्यातल्या बेटावर होते. म्हणून अजूनही तो ‘तळ्यातला गणपती’. तळ्याची बाग झाली, देवळाभोवती थोडे पाणी उरले. जवळच दादावाडी. दर्शन घेऊन यावे, बाकावर बसावे, तो भुसार बाजारातले कोणी निवृत्त व्यापारी भेटतातच. नाना पेठ, भवानी पेठेतला बाजार गुलटेकडीला गेला तेव्हापासूनच्या गोष्टी निघतात. सौ. त्या ऐकता ऐकता दुखणे विसरत आणि आणखी एक फेरी होई.

या वस्तीला जाच नाही असे नव्हे. रविवारी सारसबागेच्या चौपाटीची गर्दी आमच्या फाटकापर्यंत गाड्या लावते. दिवाळीत तर पहाटेच रस्ता भरून जातो. पुणे पाहावयास येणारे दूरचे नातलगही मुक्कामाला हमखास आमच्याकडे! मात्र त्यांच्या मुलांना पेशवे पार्कातल्या फुलराणीत बसवून आणण्याचा कंटाळा मला कधी आला नाही. ही छोटी गाडी १९५६ पासूनची; चिरंजीवही तिच्यात बसूनच मोठे झाले.

नंतर सौ.नी पर्वतीचा ध्यास घेतला. नानासाहेब पेशव्यांनी टेकडीवर देवदेवेश्वराचे मंदिर बांधले, त्याला पायऱ्या १०३. रुंद, ठेंगण्या, दमल्यावर टेकायला सोयीच्या. पहिल्या दिवशी अकरा चढल्या. मी वहीत आकडा मांडला, जुनी खोड! दुसऱ्या आठवड्यात तीस. मध्ये पावसाने खंड पडला आणि पुन्हा अकरावर आलो, त्या दिवशी त्या घरी येऊन काही बोलल्या नाहीत. दिवाळीनंतर एका रविवारी चिरंजीवही बरोबर आले. त्या दिवशी चार ठिकाणी बसून त्या माथ्यावर पोहोचल्या.

खाली सारे शहर पसरले होते. चिरंजीव हात लांबवून बाणेरची दिशा दाखवू लागले. सौ. मात्र कठड्याला रेलून, झाडांमधून दिसणारी आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी शोधत होत्या. सापडली तेव्हा लहान मुलीसारख्या हसल्या.

उतरताना चिरंजीवांनी आईचा हात धरला होता. विसाव्याच्या पायरीवर ते म्हणाले, “बाबा, दलालाला नाही म्हणून तुम्हीच कळवा.”