एक पातं की बारा?

आत्ता, या क्षणी, तुमच्या खिशात काय काय आहे? मोबाइल, पाकीट, ऑफिसचं आय-कार्ड, गाडीची किल्ली, इअरफोन. मुलगी असाल तर खिसाच नाही, पण पर्समध्ये याच्या दुप्पट सामान. आता सांगा, डेस्कवर कुरिअर आलंय आणि त्याच्यावर टेपचे तीन थर आहेत, तर तुम्ही काय करता? आधी नखं. मग किल्ली. मग दात. आणि तेही जमलं नाही की सिक्युरिटीच्या टेबलापाशी जाऊन, "काका, जरा कात्री मिळेल?" काकांच्या ड्रॉवरमध्ये कात्री, स्क्रू ड्रायव्हर, चिकटपट्टी, सगळं असतं. दोन-दोन डिग्र्या घेतलेल्या आपल्याकडे फक्त नखं!

यावरचा उपाय म्हणजे 'एव्हरीडे कॅरी', थोडक्यात 'ईडीसी'. रोज जवळ बाळगायच्या चार उपयोगी वस्तू. कॉन्सेप्ट एकदम कूल वाटते, पण आपल्याकडे ती नवी नाही. आजोबांची पानाची चंची आठवा. पान, सुपारी, कात, चुन्याची डबी आणि अडकित्ता. प्रत्येक वस्तूला वेगळा कप्पा आणि कंबरेला कायम खोचलेली. ईडीसी म्हणजे दुसरं काय असतं?

तर या ईडीसीवाल्यांचा पहिला वाद असतो तो चाकूचा. साधा, एका पात्याचा, मिटवायचा चाकू घ्यायचा की पक्कड, कात्री, स्क्रू ड्रायव्हर असं सगळं पोटात घेऊन बसलेलं मल्टिटूल? माझ्यासाठी हा वाद नुसता गप्पांचा राहिला नाही. एक मल्टिटूल माझ्याकडे मैत्रिणीनं अमेरिकेहून आणून दिलेलं होतं. आणि एक साधा चाकू राहुरीहून आला. म्हणजे माझ्या आजोळाहून.

बंदूक आणि गळका नळ

आधी मल्टिटूलची जन्मकथा, कारण ती मजेशीर आहे. स्वित्झर्लंडच्या सैन्याला १८९०च्या सुमारास नव्या रायफली मिळाल्या होत्या. त्या उघडून साफ करायला स्क्रू ड्रायव्हर लागायचा आणि डबाबंद जेवण खायला डबा उघडायचं हत्यार. प्रत्येक सैनिकाला तीन-तीन वस्तू कुठून देणार? म्हणून पातं, स्क्रू ड्रायव्हर, टोच्या आणि डबाफोडणी एकाच मुठीत बसवली. १८८४ मध्ये इबाख गावात वर्कशॉप टाकलेल्या कार्ल एल्सनर यांनी १८९१ मध्ये सैन्याला हे चाकू पुरवायला सुरुवात केली. पुढे १८९७ मध्ये त्यांनी कॉर्कस्क्रू असलेला, जास्त नेटका चाकू काढला. तोच जगप्रसिद्ध लाल 'स्विस नाइफ'चा पूर्वज. कंपनीच्या नावातला 'व्हिक्टोरिया' हा भाग एल्सनर यांच्या आईच्या नावावरून आला आणि 'इनॉक्स' म्हणजे न गंजणारं पोलाद. दोन्ही मिळून व्हिक्टोरिनॉक्स.

दुसरी गोष्ट टिम लेदरमन या अमेरिकन माणसाची. १९७५ मध्ये तो बायकोबरोबर जुन्या फियाटमधून युरोप फिरत होता. गाडी बिघडायची, हॉटेलातले नळ गळायचे आणि खिशात नुसता चाकू. त्याला वाटलं, याला पक्कड असती तर! घरी येऊन त्यानं डिझाइन करायला घेतलं आणि बरीच वर्षं खटपट करून १९८३ मध्ये पक्कडवालं मल्टिटूल बाजारात आणलं.

दोन्ही गोष्टींत एक फंडा सारखा आहे. हत्यार नंतर आलं, अडचण आधी आली. आपलं मात्र उलटं होतं. आपण आधी ऑनलाइन बारा हत्यारांचा चाकू मागवतो आणि मग कापायला काय आहे ते शोधत बसतो.

राहुरीचा चाकू

नगरहून (आता अहिल्यानगर) मनमाड रस्त्यानं निघालं की राहुरी लागते. मुळा धरणाचं पाणी आणि दोन्ही बाजूंना ऊस. या भागात पात्याचं नाव माणसालाच चिकटलेलं आहे. हंगामात बीड-पाथर्डीकडून ऊसतोडणीला येणारी नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. किती माणसं आली असं कुणी विचारत नाही, किती कोयते आले असं विचारतात. पुण्याच्या पेपरात हाच शब्द 'कोयता गँग'च्या बातमीत वाचला की मला दर वेळी चमत्कारिक वाटतं.

राहुरीची दुसरी ओळख म्हणजे महात्मा फुले कृषी विद्यापीठ. १९६८ मध्ये ते स्थापन झालं. आंबा, डाळिंब, मोसंबी, लिंबू यांची रोपं घ्यायला शेतकरी लांबून इकडे येतात. आणि रोपवाटिका आल्या की कलमं बांधणारे आले. माझे मामा त्यातलेच. एका खासगी रोपवाटिकेत त्यांनी तीस वर्षं कलमं बांधली, कलमामागे ठरलेल्या मजुरीवर.

आंब्याचं पाचर कलम करताना त्यांना पाहणं हा लहानपणी माझा सुट्टीतला उद्योग होता. रोपाचा शेंडा छाटायचा. खुंटाला मधोमध उभी चीर द्यायची, बोटाच्या दोन पेरांएवढी. चांगल्या झाडाच्या काडीला दोन्ही बाजूंनी तिरका काप देऊन तिची पाचर करायची, ती चिरेत बसवायची आणि वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधायची. संपलं. बघताना वाटतं, यात काय एवढं! सगळी गंमत त्या कापात आहे. सालीच्या खाली एक पातळ, हिरवट, जिवंत थर असतो. खुंटाचा थर काडीच्या थराला चिकटला तरच कलम जगतं. काप एका फटक्यात आणि सपाट हवा. पातं बोथट असेल तर लाकूड चेचतं, काप खडबडीत होतो, मधे हवा राहते आणि काडी वाळते.

म्हणून कलमाचा चाकू वेगळा असतो. नेहमीच्या चाकूला दोन्ही बाजूंनी उतार असतो, याला बहुतेक एकाच बाजूनं. दुसरी बाजू पाटीसारखी सपाट, म्हणजे कापही सपाट येतो. मोसंबीचा डोळा भरायच्या चाकूला तर मुठीच्या टोकाला एक बोथट जीभ असते. खुंटाच्या सालीला इंग्रजी 'टी'च्या आकाराची चीर द्यायची आणि त्या जिभेनं साल हलकेच उचकटून आत डोळा सरकवायचा. बघा, साध्या चाकूलाही गरज पडली तसं दुसरं हत्यार फुटलंच की! गंमत म्हणजे बारा हत्यारांचा चाकू करणारी ती स्विस कंपनीसुद्धा कलमासाठी वेगळे, साधे चाकू बनवते.

मामांच्या चाकूचं पातं साध्या कार्बन पोलादाचं आहे. ते गंजतं, पण दगडावर पटकन धार घेतं. डाळिंबाच्या फांद्या कापून ते काळंभोर झालंय, कारण सालीतल्या टॅनिनचा लोखंडाशी संबंध आला की काळा रंग धरतो. तीस वर्षं दगडावर घासून घासून पात्याची रुंदी निम्मी झालीय. मूठ अंगठ्याच्या जागी खोलगट.

गेल्या उन्हाळ्यात मी माझं मल्टिटूल त्यांना मोठ्या ऐटीत दाखवलं. मामांनी चष्मा लावून एकेक हत्यार उघडलं, मिटवलं. करवतीला हसले. पातं नखावर टेकवून बघितलं आणि म्हणाले, "हे एवढं जाडजूड दिवसभर हातात धरलं तर तिसऱ्या कलमाला बोटं दुखतील. अन् याला धार कोण लावणार? तू?"

मग पक्कड उघडली आणि गप्प झाले. दोन-तीनदा उघड-मीट केली. ठिबकच्या नळीतली अडकलेली क्लिप तिनं ओढून काढली. स्टार्टरचा स्क्रू आवळून आले. संध्याकाळी म्हणाले, "हे राहू दे माझ्याकडं."

आणि आतून कलमाचा चाकू आणून त्यांनी माझ्यासमोर ओट्यावर ठेवला. हातात दिला नाही. आमच्याकडे धारेची वस्तू हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. मामी काहीच बोलल्या नाहीत, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. मामांचा उजवा हात वर्षभरापासून थरथरतो. त्या पावसाळ्यात ते रोपवाटिकेत जाणार नव्हते. एक मामेभाऊ चाकणला कंपनीत आहे, दुसरा स्पर्धा परीक्षा देतोय. कलम दोघांनाही येत नाही.

सात दिवसांची डायरी

पुण्यात परत आल्यावर मी जरा जर्नालिझम केलं. एक आठवडा, हत्याराची गरज पडली की मोबाइलमध्ये टिपून ठेवायचं. निकाल असा: कुरिअरची खोकी चार वेळा. कुर्त्याचा सुटलेला धागा दोनदा. शॅम्पू, सॉस आणि दुधाच्या पिशव्या पाच वेळा. गॉगलचा ढिला स्क्रू एकदा. फळ कापणं दोनदा. नखाशेजारी टोचणारी कातडी, विचारू नका. पक्कड? शून्य. करवत? अर्थातच शून्य!

म्हणजे माझ्या आयुष्याला सगळ्यात जास्त लागते ती कात्री. मग छोटं पातं. मामांचा चाकू इथे अगदीच वाया. एका बाजूनं धार असल्यामुळे तो सफरचंदात सरळ जातच नाही, एका अंगाला ओढतो. त्याला सफरचंद कापायला लावणं म्हणजे सतारीवर कपडे वाळत घालणं. मोठं मल्टिटूलही माझ्या कामाचं नव्हतंच. पाव किलोच्या आसपास वजन, पर्स एका बाजूला झुकते. माझ्यासाठी किल्लीला अडकवायचा बोटभर लांबीचा चाकू पुरे. इवलंसं पातं, कात्री, नखं घासायची कानस, चिमटा. वजन जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम. मी तोच घेतला आणि काकांच्या ड्रॉवरला सुट्टी दिली.

तुमची डायरी वेगळी निघेल. बाइकवर ट्रेकला जाणाऱ्याला, कॅमेरा-ट्रायपॉडवाल्याला, सर्व्हरच्या केबलमध्ये हात घालणाऱ्याला पक्कड लागेल. डब्यात रोज फळं नेणाऱ्याला साधा, पातळ पात्याचा मिटवायचा चाकूच बरा. मल्टिटूलची जाड मूठ फळाला नको वाटते, आणि तिच्या सांध्यात अडकलेला आंब्याचा रस काढायला अजून एक मल्टिटूल लागतं.

पोलीस काय म्हणतील?

हा प्रश्न विचारायलाच हवा. एके काळी हिंदी सिनेमातल्या रामपुरीच्या 'खट्' आवाजानं चाकूला कायमचं व्हिलन केलंय. शस्त्र कायद्याच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात. घरगुती आणि शेतीच्या वापराची त्यातून वगळलेली आहेत. पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७खाली सण, निवडणुका, मोर्चे अशा वेळी मनाई आदेश निघतात आणि त्यांत चाकू-सुरेही येतात. त्या दिवसांत चाकू घरी. विमानात हँडबॅगेत कोणताही चाकू नेऊ नका, चेक-इन सामानात टाका. माझ्या एका मैत्रिणीला वडिलांनी दिलेला चाकू तपासणीच्या ठिकाणी सोडून यावा लागला होता.

आणि मुलींनो, 'सेल्फ डिफेन्ससाठी ठेवते' हे कारण मनातून काढा. झटापटीत चाकू कुणाच्या हातात जाईल याची गॅरंटी नसते. त्यासाठी आरडाओरडा, पळणं आणि ११२ नंबर आहे. चाकू कापायला असतो, माणसं सोडून.

घेण्याआधी चार गोष्टी

आधी डायरी लिहा, मग दुकानात जा. जेवढी हत्यारं जास्त तेवढी मूठ जाड आणि पातं दुय्यम. साध्या चाकूत पात्याला लॉक आहे का बघा, नाहीतर जोर लावताना तो बोटावरच मिटतो. पोलाद न गंजणारं हवं की पटकन धार घेणारं, ते ठरवा. दमट मुंबईत पहिलं बरं, पुसून-तेल लावून ठेवणाऱ्याला दुसरं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चाकूबरोबर धारेचा दगडही घ्या. बोथट चाकूवर जास्त जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की तो घसरतो. ज्याला धार लावता येत नाही, त्यानं कात्रीवर भागवावं. हे शेवटचं वाक्य मामांचं.

दगडावरचा रविवार

मग मामांच्या चाकूचं काय केलं? तो मी रोज बाळगत नाही. माझ्या टेबलाच्या खणात तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला असतो. पण नुसता आठवण म्हणून ठेवायचा तर तो बोथट झाला तरी चालला असता, आणि ते मला चालणार नव्हतं. धार लावायला मी फोनवर शिकले. व्हिडिओ कॉलवर मी दगडावर पातं ओढायचं आणि मामांनी नुसत्या आवाजावरून सांगायचं, "कोन उचललास. खाली घे." उताराची बाजू घासायची, सपाट बाजू फक्त हलकी पुसून घ्यायची. कागद आवाज न करता चिरला की झालं.

जुलैमध्ये दोन दिवस रजा टाकून राहुरीला गेले. मामांनी घरामागे आंब्याची दहा रोपं पिशव्यांत तयार ठेवली होती. ते बाजेवर बसून बघत होते, मल्टिटूल खिशाला अडकवलेलं. मी दहा पाचरी कापल्या, दहा पट्ट्या बांधल्या. मधे एकदा त्यांचा हात आपोआप पुढे आला आणि परत मांडीवर गेला.

तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. दहांपैकी चार कलमं फुटली होती. मी म्हटलं, "फक्त चार?"

"पहिल्या वर्षी माझी तीनच फुटली होती," मामा म्हणाले. "पुढच्या खेपेला येताना दगड घेऊन ये. माझ्या या बारा हत्यारांतलं एक बोथट झालंय."