घसारा आणि दिमाख

कॉमर्सचा पदवीधर एका बाबतीत तरी इतर पदवीधरांच्या पुढे असतो. बाकीच्यांना वस्तू जुनी होते हे ती जुनी झाल्यावर कळतं. आम्हांला ते विकत घेतानाच, टक्क्यांसकट, ठाऊक असतं. या ज्ञानाला घसारा म्हणतात. आयकराच्या हिशेबात मोटारीचा घसारा १५ टक्के, आणि तोही दरवर्षी उरलेल्या किमतीवर. म्हणजे १०० रुपयांची मोटार १५ वर्षांनी पावणेनऊ रुपयांची होते आणि ३० वर्षांनी ७६ पैशांची. शून्याची मात्र कधीच होत नाही. आमच्या परीक्षेत या शेवटच्या वाक्याला एक मार्क असे. त्या एका मार्काच्या जोरावर मी मर्सिडीज घेतली.

दचकू नका. मी बँकेत क्लार्कच आहे. घर शहापूरला आणि शाखा मुरबाडला. शहापूरला रेल्वे आहे असं बाहेरच्यांना वाटतं, पण ती आसनगावला आहे. आणि मुरबाडला ती असावी अशी मुरबाडकरांची इच्छा आहे. तेव्हा किन्हवली-सरळगाव मार्गे रोजचं जाणं-येणं आलं. सरळगाव हे नाव ज्याने ठेवलं तो आमच्या बाजूने आलेला नसावा. सुरुवातीची वर्षं एसटीने काढली, पुढची स्कूटरवर. शेवटी डॉक्टरांनी पाठीचा फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "यापुढे चार चाकं." चाकांचा आकडा त्यांनी सांगितला, पैशांचा आकडा मला ठरवायचा होता. तो तीन लाख ठरला.

तीन लाखांत नव्या गाडीचा बराचसा भाग येतो, पण सगळी येत नाही. जुनी छोटी गाडी येते. आणि, हे कोणी सांगत नाही, १९९६ सालची मर्सिडीजही येते. ती पार्ल्याच्या एका निवृत्त डॉक्टरांकडे होती. मुलं अमेरिकेत, डोळ्यांत मोतीबिंदू, गाडी इमारतीखाली. त्यांनी आधी पैशांची गोष्ट काढलीच नाही. "तिकडे सावली आहे का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, चिंच आहे. "मग न्या," म्हणाले. मुलीचं स्थळ पाहावं तशी ती बोलणी झाली. दोन लाख ऐंशी हजारांत ठरलं.

आमच्या सौभाग्यवतींचं मत थोडक्यात असं होतं : तीन लाखांच्या आत मर्सिडीज मिळत असेल तर ती चोरीची असणार, आणि चोरीची नसेल तर बंद असणार. ती चोरीची नव्हती आणि घरापर्यंत स्वतःच्या पायांनी आली. तेव्हा प्रकरण वरच्या कोर्टात, म्हणजे सासऱ्यांकडे गेलं. सासरे म्हसा गावाजवळचे शेतकरी. म्हशाच्या यात्रेत पौष पौर्णिमेला बैलांचा मोठा बाजार भरतो, आणि त्या बाजारात त्यांनी आयुष्यभर बैल पारखले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, पुठ्ठ्यावर थाप मारावी तशी डिकीवर मारली, खाली वाकून टायर पाहिले आणि निर्णय दिला.

"दात जुळलेत हिचे. पण हाड चांगलं हाय. फक्त एक ध्यानात ठेवा, जावईबापू. बैल म्हातारा झाला म्हणून पेंड काय स्वस्त व्हती का?"

तीन वर्षं फी भरून जे मला कोणी शिकवलं नाही ते हे. घसारा गाडीला लागतो, तिच्या सुट्या भागांना लागत नाही. लाखो रुपयांची गाडी उतरत उतरत दोन-तीन लाखांवर येते, पण तिचा दिवा, तिचा पंप, तिची काच, ही मंडळी आपला जुना मान सोडत नाहीत. बाजूच्या एका आरशाची किंमत ऐकल्यावर मी त्याच आरशात चेहरा पाहून घेतला. पुढे सरकारची पेंड वेगळी. १५ वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, वर पर्यावरण कर. २०२५ साली तर वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी दहा हजार झाली. म्हणून मी जुन्या मोठ्या गाडीच्या खरेदीचा एक साधा नियम केला आहे : खिशात जेवढे असतील त्यांच्या दोनतृतीयांशात गाडी शोधावी आणि उरलेला तिसरा हिस्सा पेंडीच्या नावाने वेगळ्या खात्यात टाकावा. मी तसंच केलं. पाठ आणखी दोन वर्षं स्कूटरवर राहिली ती हे खातं भरेपर्यंत.

गाडी मुरबाडच्या मिस्त्रीसमोर उभी केली तेव्हा तो घाबरेल असं मला वाटलं होतं. त्याने बॉनेट उघडलं आणि नात्यातलं कोणी भेटावं तसा हसला. "साहेब, ही तर आपल्या ट्रॅक्सची चुलती!" मला वाटलं, गंमत करतोय. पण खरंच आहे ते. बजाज टेम्पो कंपनी डाइम्लर-बेंझच्या परवान्याने त्यांचं डिझेल इंजिन आपल्याकडे बनवत असे आणि ते ट्रॅक्सला बसवत असे. म्हणजे दहाजणांच्या जागेत सोळाजण आणि टपावर कोंबड्यांची खुराडी घेऊन ज्या जीपगाड्या आमच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं धावल्या, त्यांच्या पोटात मर्सिडीजच होती. त्याहून मागे जायचं तर १९५४ साली टेल्कोचा डाइम्लर-बेंझशी करार झाला, आणि पुढची १५ वर्षं टाटांच्या ट्रकच्या नाकावर तोच तीन टोकांचा तारा असे. मुंबई-आग्रा रस्ता शहापूरवरूनच जातो. तेव्हा आमच्या तालुक्याला या ताऱ्याचं अप्रूप वाटायचं काही कारण नव्हतं; आधी तो कांदे-बटाटे घेऊन आला, मग माणसं कोंबून आला, आणि आता एका क्लार्कला घेऊन आला. माझी गाडीही तशी परदेशी नव्हे. १९९५ साली पुण्यात टेल्कोच्याच आवारात या मोटारी तयार होऊ लागल्या, त्यांतलीच ती. पाणी मुळा-मुठेचं आहे, त्यामुळे थोडी आढ्यता असायचीच.

इंजिनाला पाच सिलिंडर. चार कामाला आणि एक साहेब, असा माझा बँकेतल्या अनुभवावरून समज होता. मिस्त्री म्हणतो पाचही काम करतात. वायपर मात्र एकच. पण हा एकटा वायपर फिरता फिरता उसळी मारून काचेचा वरचा कोपराही पुसून येतो. माळशेजच्या बाजूने पाऊस उतरू लागला की हा एकटा पठ्ठ्या कबड्डीच्या चढाईसारखा इकडून तिकडे पळत असतो. पूर्ण पाळी तो एकटा भरतो. आमच्या शाखेत असा एक माणूस मिळाला तर बाकीचे आम्ही घरी जाऊ.

पण खरी अडचण गाडीत नव्हतीच. ती दिमाखात होती. किमतीला घसारा लागतो, दिमाखाला तो लागत नाही. पहिल्या दिवशी मी शाखेसमोर उतरलो तेव्हा रांगेतल्या सगळ्यांनी आधी गाडी पाहिली, मग मला पाहिलं, आणि मग, हे फार वाईट होतं, आपापल्या पासबुकाकडे पाहिलं. कॅशच्या खिडकीत बसणाऱ्या माणसाची एकच मिळकत असते : लोक त्याच्यासमोर नोटा सरकवतात आणि त्याने मोजलेल्या पुन्हा मोजत नाहीत. त्या आठवड्यापासून लोक पुन्हा मोजू लागले. किन्हवलीकडच्या एक आजी आहेत, भात विकल्याचे पैसे ठेवतात. इतकी वर्षं अंगठा उठवून मुकाट्याने जात. आता दर दोन दिवसांनी खिडकीशी येऊन विचारू लागल्या, "साहेब, माजे पैशे हायेत ना जाग्यावर?"

वरच्या ऑफिसातून एक साहेब 'सहज' आले. सहज चहा घेतला, सहज गाडीचा विषय काढला. मी खरेदीची पावती दाखवली. बाहेर एका खातेदाराची नवीकोरी बुलेट उभी होती. तीही दाखवली. साहेबांना पटलं. पण पावती साहेबांना दाखवता येते, रांगेला कशी दाखवणार? काचेवर चिकटवली तर आणखी संशय. रात्री मी सौ.ला म्हटलं, गाडी विकू या. पाठीचं पाहू. वीस वर्षांत एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही आणि आता आजी विचारतात.

सुटका गाडीनेच केली. एका सोमवारी, सरळगावच्या नाक्यावर, ऐन वर्दळीत ती थांबली. तीस वर्षांचा डिझेलचा पाइप ताठ होऊन तडकला होता, आणि डिझेलच्या वाटेत हवा शिरली होती. कल्याण-माळशेजची वाहनं एकीकडून, आमच्या बाजूची दुसरीकडून, आणि मध्ये मर्सिडीज. मी उतरून ढकलू लागलो. एक दूधवाला आला. दोन रिक्षावाले आले. मग रांगेतले तीन-चार चेहरे दिसले, तेही लागले. मिस्त्री येऊन ट्रॅक्सचा वीतभर पाइप बसवेपर्यंत माझ्या इस्त्रीच्या शर्टावर डिझेलचे नकाशे उमटले होते. जमलेल्यांतला एकजण दुसऱ्याला म्हणाला, "चोराची गाडी असली तर अशी बंद पडंल का?" या एका वाक्याने जे झालं ते वरच्या ऑफिसाच्या शेऱ्याने झालं नसतं. दुपारपर्यंत बातमी खिडकीशी पोचली. लोक आपुलकीने विचारू लागले, "झाली का चालू?" नोटा पुन्हा न मोजता खिशात जाऊ लागल्या.

परवा पाच वाजता आजी एसटीच्या थांब्यावर दिसल्या. मी गाडी थांबवली. त्यांनी आत एकदा पाहिलं, वर एकदा पाहिलं, आणि विचारलं, "एवढी मोटी गाडी, आन् टप नाय? गाठोडं कुटं ठेवू?" गाठोडं शेजारी, मऊ गादीवर बसलं. आजी वाटभर गप्प होत्या. किन्हवलीला उतरल्यावर कनवटीची दहाची नोट काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. खासगी गाडीत भाडं घेणं नियमात बसत नाही, असं मी सांगू लागलो. "नियम बँकंत," म्हणाल्या, आणि निघाल्या.

मी ती नोट पेंडीच्या खात्यात जमा केली आहे. त्या खात्यातली जमेच्या बाजूची ती पहिली बाहेरची नोंद. देताना आजींनी ती एकदाच मोजली होती, आणि मी घेतली तेव्हा वळूनही पाहिलं नाही.