ऐन वेळी

नाणी जमवणाऱ्या माणसांचे दोन प्रकार असतात. पहिला निरनिराळी नाणी जमवतो. दुसरा एकच नाणं पुन्हा पुन्हा जमवतो. पहिल्याला निदान पाहुण्यांपुढे मिरवता तरी येतं. दुसऱ्यानं मोठ्या हौसेनं टेबलावर बारा रुपये मांडले, की पाहुणा चहाचा घोट घेत म्हणतो, "छान! पण हे सगळे एकच आहेत की हो!" मी दुसऱ्या प्रकारचा आहे. आमच्याकडे पाहुणे कमी येतात.

वास्तविक ते सगळे एक नसतात. नाणं पाडायला पोलादी ठसा लागतो. पूर्वी तो कारागीर हातानं कोरायचा, झिजला किंवा तडकला की दुसरा कोरायचा. आणि हातानं केलेल्या दोन वस्तू तंतोतंत सारख्या होत नाहीत, हे एकाच तव्यावरच्या दोन पोळ्या पाहिल्या तरी कळतं. आपली शिवराईच घ्या. एका ठशावर 'शिव', दुसऱ्यावर 'सिव', तिसऱ्यावर 'सीव'! ज्या चुकीला मराठीचे मास्तर छडी मारत, तिला आम्ही चार पैसे जास्त देतो. अमेरिकेतही हेच. तिथले 1794 ते 1803 या सनांचे चांदीचे डॉलर असेच हातानं घडवलेल्या ठशांचे. 1795 च्या डॉलरवर गरुडाच्या पंखाखाली पानं दोन आहेत की तीन, हे मोजण्यात तिकडे भली भली माणसं म्हातारी झाली. बोलेंडर नावाच्या गृहस्थांनी 1950 साली या डॉलरांच्या ठशांवर एक आख्खं पुस्तकच काढलं. म्हणजे हा आजार काही आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या पाण्यातून येत नाही, एवढा तरी दिलासा.

आमच्या भागातला डॉलर म्हणजे निजामाचा हाली रुपया. 'हाली' म्हणजे चालू. 1959 साली तो चलनातून गेला, तरी नाव 'चालू'च राहिलं. (काही सेवानिवृत्त साहेबांचंही असंच असतं.) इंग्रजांचा कलदार रुपया 11.66 ग्रॅमचा, त्यात शुद्ध चांदी 10.69 ग्रॅम. हाली 11.18 ग्रॅमचा, पण शुद्ध चांदी 9.14 ग्रॅमच. म्हणून सहा कलदारांना सात हाली असा भाव होता. एका कलदाराला हालीचा एक रुपया, दोन आणे आणि आठ पै! हा हिशेब तोंडी करणारी पिढी आपल्याला पाढे येत नाहीत म्हणून हसली, तर तिचा तो हक्क आहे.

या रुपयावर चारमिनार आहे आणि त्याच्या मधल्या कमानीत एक अक्षर. महबूब अली खानाच्या रुपयावर 'मीम'. 1911 च्या ऑगस्टात तो वारला, मुलगा उस्मान अली खान गादीवर आला आणि कमानीत भाडेकरू बदलला. मीम गेला, उस्मानचा 'ऐन' आला. पण अगदी सुरुवातीच्या रुपयांवर हा ऐन अर्धाच आहे. नुसतं डोकं, खालचं पोट नाही. मग कुणाला तरी ते खटकलं असावं, पुढच्या ठशांवर ऐन पोटासकट बसला. हिजरी 1330 या एकाच सनात दोन्ही सापडतात. पोटवाला माझ्याकडे होता. बिनपोटाच्या ऐनासाठी मी दर रविवारी जाफर गेटच्या आठवडी बाजारात घिरट्या घालत होतो, आणि पिशवीत भाजीऐवजी आणखी एक पोटवाला घेऊन परतत होतो.

अशात एक दिवस आत्या आली. पणतूचं बारसं होतं. तिनं पदराआडून रुपयांची माळ काढली. तिच्या सासूची, बारा हाली रुपयांची. "सराफ्यात नेऊन मोडून आण. बाळाला वाळे करायचेत."

सराफाच्या काट्याला ऐन कळत नाही. त्याच्या लेखी चांदी ती चांदी! मी घाईघाईनं भिंग काढलं आणि एकेक रुपया उजेडात धरू लागलो. बायको शेजारीच तांदूळ निवडत बसली होती. तिला उर्दूचं एक अक्षर येत नाही. तिनं ताट खाली ठेवलं, माळेवरून एकदा बोट फिरवलं आणि म्हणाली, "अहो, हा खडा वेगळा आहे."

सन 1330. कमानीत नुसतं डोकं!

मी सातव्या रुपयापर्यंतसुद्धा पोचलो नव्हतो. रोज वाटीभर तांदळातून पांढरा खडा वेचणाऱ्या डोळ्यांपुढे आमचं भिंग म्हणजे पोरखेळ आहे, हे त्या दिवशी कळलं.

"याचे जास्त येतील का रे?" आत्यानं विचारलं.

इथेच घोडं अडलं. प्रत्येक रुपयाला वर कडी जोडलेली होती. कडीवाला रुपया पाहिला, की बाजारातले चाचा नुसती मान हलवतात, "नहीं चलता, साहब." मी आत्याला समजावून सांगितलं, की कडीनं नाण्याची किंमत गेली. कडी नसती, तर हा रुपया संग्रहातला दागिना ठरला असता.

आत्या हसली. "अरे, कडी नसती तर सासूबाईंनी केव्हाच बाजारात मोडला असता. ज्वारी तरी आली असती, नाहीतर मीठमिरची. कडी होती म्हणून गळ्यात राहिला."

खरंच की! चलनातून गेलेले किती रुपये मुशीत गेले असतील, कोण जाणे. कडीनं या ऐनाचं पोट भरलं नाही, पण जीव वाचवला. आमच्या एकाही सूचीत अशा गोष्टीसाठी रकाना नाही.

अकरा रुपयांचे वाळे झाले. बारावा आत्यानं बायकोच्या हातात ठेवला. माझ्या नाही. "जिनं ओळखला, तिचा," म्हणाली. आता मला तो पाहायचा असला, तर परवानगी लागते. भिंगही तिच्याकडेच असतं, तांदळाच्या डब्यात.